सुनेची नेमणूक रद्द होणेबाबत

दिनांक : ९ जुलै १९९६
स्थळ : काविथे बाजार

प्रति,
मा. समाजविकास अधिकारी,
काविथे विभाग,
जिल्हा माचाकोस.

विषय : काविथे प्राथमिक शाळेत भरणाऱ्या पालकांच्या हस्तकला व लघुउद्योग कार्यशाळेतील प्रशिक्षिका श्रीमती कामेने यांची नेमणूक रद्द करून ती अर्जदारास मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २२ एप्रिल १९९६ चा अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे दि. ६ मे १९९६ चे पत्र. (हा संदर्भ मागाहून भरला आहे. कारण परिच्छेद ९ मध्ये दिले आहे.)

अर्जदार : काटुंबी, दिवंगत किलोंझो यांची पत्नी, वय अंदाजे एकसष्ट, धंदा टोपल्या विणणे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करते की, मला लिहिता-वाचता येत नाही. सदर अर्ज बाजारातील टंकलेखक श्री. क्यालो यांच्याकडून टाइप करून घेत आहे. यातील भाषा त्यांची आहे आणि राग माझा आहे. कोण काय बोलले ते मात्र जसेच्या तसे घालावे असे मी त्यांना बजावले आहे, कारण सरकारी भाषेत घातले की शिवीसुद्धा आशीर्वादासारखी वाटते.

१. अर्जदार वयाच्या सातव्या वर्षापासून घायपाताचा वाख मांडीवर वळून टोपल्या विणत आहे. आमच्याकडे या टोपलीला किओंडो म्हणतात. आपण इथले नसून दूर सरोवराकडचे असलात तरी आपल्या घरच्यांच्या खांद्यावर ती पाहिली असेलच. माझी उजवी मांडी दोरा वळून वळून इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यावर माशी बसली तर घसरते. हे वाक्य अर्जात शोभत नाही असे श्री. क्यालो यांचे म्हणणे पडले. मांडी माझी आहे असे मी त्यांना सांगितले. काविथेच्या बाजारात गिनी कोंबडीच्या पिसासारखी ठिपक्यांची टोपली दिसली की लोक विचारत नाहीत, 'काटुंबीची' म्हणून उचलून बघतात. हा ठिपका मी कोणाकडून घेतलेला नाही. तो माझा आहे.

२. श्रीमती कामेने कोण, याचा खुलासा आवश्यक आहे. आमच्या कांबा लोकांत ज्या बाईला मूल झाले नाही, तिला आपल्या घराचे नाव पुढे चालावे म्हणून दुसरी बाई रीतसर आपल्या घरात लग्न करून आणता येते. बोकड जातात, मध जातो, वडीलधारी बसतात, सगळे नेहमीच्या लग्नासारखे होते. अशा बाईला आम्ही इवेटो म्हणतो. आणणारीच्या घरी ती सून होऊन राहते आणि तिला होणारी मुले त्या घराची होतात. त्यांचा जन्मदाता कोण हे कोणी विचारत नाही, विचारलेच तर म्हातारी माणसे खोकतात. माझे यजमान किलोंझो १९८३ साली वारले. १९८६ साली मी एकोणीस वर्षांच्या कामेनेला आणले. मुलगा मुसेम्बी आठ वर्षांचा, मुलगी कावुला सहा वर्षांची. दोघांच्या नावापुढे किलोंझो आहे. दोघेही मला सूसू म्हणतात, म्हणजे आजी. दोघेही काविथे प्राथमिक शाळेत जातात. कावुलाच्या नाकात कायम शेंबूड असतो आणि तो पुसायला ती माझाच पदर शोधते, आईचा नाही. हे मुद्दाम नोंदवत आहे.

घरात आली तेव्हा कामेनेला दोरा वळता येत नव्हता. तिने वळलेला पहिला दोरा बकरीच्या शेपटीसारखा झाला होता, टोकाला बारीक आणि बुडाशी शेणाने भरलेला. मी तिला दोन वर्षे ओट्यावर समोर बसवून शिकवले. हातावर मारले, विणलेले उसवायला लावले, पुन्हा विणून घेतले. 'तुझ्या आईनं तुला फक्त खायला शिकवलं का गं?' असे मी तिला रोज म्हणत असे. ती म्हणायची, 'हो आई, ते मात्र नीट शिकवलं.' आणि हसायची. तेव्हा मला ते आवडत असे.

३. गेल्या एप्रिलात गावप्रमुखांच्या सभेत जाहीर झाले की शाळेत पालकांसाठी कार्यशाळा भरणार. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार. टोपल्या विणणे, रंगवणे, माल कसा मोजायचा, किंमत कशी सांगायची, गिऱ्हाइकाशी कसे बोलायचे, सगळे शिकवणार. दि. १९ एप्रिल रोजी नावनोंदणी होती. रांगेत मी पहिली होते. बसायला स्वतःचे स्टूल नेले होते. टेबलावरच्या कारकुनाने विचारले, 'कोणाची आई?'

मी म्हटले, 'कोणाची नाही.'

'मग कोणाचा बाप?'

लोक हसले. मी म्हटले, 'आता तू म्हणतोस तसं बघितलं तर हो, बापच. ती दोन पोरं माझ्या घरची आहेत.'

त्याने शाळेचे रजिस्टर उघडले आणि मोठ्याने वाचले, 'बाप, किलोंझो. मयत १९८३. मुलाचा जन्म १९८८.' मग मान वर करून म्हणाला, 'हा बाप फारच चिकाटीचा दिसतोय, मावशी.'

पुन्हा लोक हसले. माझी शेजारीण मुएनी तर अशी हसली की तिला भिंतीला टेकावे लागले. कारकून म्हणाला की रकाना दोनच प्रकारचा आहे, तिसरा हवा असेल तर साहेबांकडे अर्ज करा. माझ्यामागे कामेने उभी होती. तिला त्याने काही विचारले नाही. दोन मुलांची आई, लिहा नाव, पुढची या. मी स्टूल उचलले आणि घरी आले.

दि. २२ एप्रिलचा माझा अर्ज कामेनेनेच लिहिला, कारण घरात लिहिता येणारी तीच. त्याचे उत्तर शाळेच्या पत्त्यावर आले. ते तिनेच चुलीपाशी उभी राहून मला वाचून दाखवले : 'जागा भरल्या आहेत, पुढच्या वर्षी आपला प्रथम विचार होईल.' मी ते पत्र जपून ठेवले.

४. दि. ७ मे रोजी कार्यशाळा सुरू झाली. त्यानंतरच्या माझ्या वागण्याबद्दल मुएनी आपल्याकडे तक्रार करील, म्हणून मीच सांगते. शाळेच्या मागे कडुनिंबाचे झाड आहे. मी दर मंगळवारी व शुक्रवारी शेळ्या तिथे चारायला नेत असे. तिथे चारा नाही हे मला ठाऊक आहे, शेळ्यांनाही ठाऊक होते. खिडकीतून आतले ऐकू येते. बावीस बायापुरुष आत बसून हसत होते. टोपली विणताना हसतात का, महोदय? माझ्याकडे कामेने हसली ती शिवी खाल्ल्यावर, विणताना कधी नाही.

तिसऱ्या आठवड्यानंतर शहरातून आलेल्या प्रशिक्षिका बाळंतपणासाठी गेल्या. त्यांच्या जागी कोणाला नेमायचे म्हणून सगळ्यांनी विणलेल्या वस्तू मांडल्या गेल्या आणि दि. ३१ मे रोजी कामेनेची निवड झाली. तिने मांडलेली टोपली ठिपक्यांची होती. इतकेच नव्हे, तर त्या टोपलीचा तळ माझ्या हातचा होता. जानेवारीत मी एक तळ विणून खुंटीला अडकवला होता, तो नाहीसा झाला. ज्याला विणणे कळते त्याला हेही कळते की टोपलीत तळच सगळे असतो. वरचे पोट कोणीही वाढवते. तळ माझा आणि नेमणूक तिची, ही सरकारची उघड फसवणूक आहे व त्याबद्दल तिच्यावर कारवाई व्हावी.

५. नेमणुकीनंतर घरात जे चालले आहे तेही सांगते. गावातल्या बाया तिला 'म्वालिमू' म्हणू लागल्या. हा शब्द आम्ही मास्तरांसाठी ठेवला होता. पाण्याला गेले तर मुएनी विचारते, 'काय गं काटुंबी, सून मास्तरीण झाली. घरात तुझीपण परीक्षा घेते का? पास होतेस की नाही?' चर्चमध्ये कामेनेला पुढच्या बाकावर जागा ठेवतात. मी तिच्या शेजारी बसले तर 'म्वालिमूंच्या सासूबाई' अशी माझी ओळख करून देतात. इकडे माझे नाव माझ्या टोपल्यांना होते, आता मलाच उरले नाही.

एकदा मी विकायला काढलेली टोपली तिने हातात घेतली, फिरवून बघितली आणि म्हणाली, 'आई, ही तुम्ही फार स्वस्तात देता. तुमच्या वेळेचीपण किंमत धरायला पाहिजे.'

मी म्हटले, 'माझ्या वेळेची? तुला शिकवण्यात गेलेला वेळ आधी परत दे, मग किंमत धरू.'

तिने ऐकून घेतले आणि कांडलेल्या मक्याच्या मुथोकोईच्या पातेल्यात पळी फिरवत राहिली. तिने उलट उत्तर दिले असते तर माझे समाधान झाले असते. मुसेम्बीने वहीत घरातल्या माणसांचे चित्र काढले. त्यात त्याची आई घराएवढी, हातातली टोपली दाराएवढी, आणि मी कोंबडीच्या शेजारी कोंबडीएवढी. मी विचारले, 'मी एवढीशी का रे?' तो म्हणाला, 'सूसू, तू लांब बसलीयेस ना, झाडाखाली.'

महोदय, माझ्या पोटात दुखते. दवाखान्यातल्या नर्सने पोट दाबून पाहिले आणि काही नाही म्हणाली. काय आहे ते मला माहीत आहे. तिच्या पायाला काटा लागावा असे मला वाटत नाही. ती आजारी पडली तर मीच काढा करते. पण तिची टोपली वाकडी व्हावी, रंग उतरावा, कोणीतरी सगळ्यांदेखत म्हणावे, 'हे काही काटुंबीच्या हातचे नव्हे,' एवढे मला वाटते, आणि रोज वाटते.

६. आता जे सांगायचे आहे ते क्यालो यांनी गाळावे असे सुचवले. मी गाळत नाही. शुक्रवार दि. ५ जुलै रोजी शाळेत प्रदर्शन होते. बाहेरदेशी माल पाठवणाऱ्या एका संस्थेच्या बाई नमुना बघायला येणार होत्या. नमुना पसंत पडला तर वर्गाला चाळीस टोपल्यांची मागणी मिळणार होती. नमुना म्हणून कामेनेची टोपली ठरली होती. आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी ती शाळा झाडायला गेली. टोपली तिच्या खोलीत दाराला टांगली होती. मी ती काढून घेतली, शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसले आणि काठापासून उसवायला सुरुवात केली.

मला वाटले होते, तासाभरात होईल. दुपार झाली. तिचे वेढे इतके घट्ट होते की नखाने सुटेनात, मला दाभण घ्यावे लागले. माझ्या टोपल्या मी उसवल्या आहेत, त्यांना असा वेळ लागत नाही. दहाव्या फेरानंतर मला घाम आला. ठिपका माझाच होता, पण प्रत्येक ठिपक्याच्या मागे तिने रंगीत दोरा आतून असा फिरवून घेतला होता की आतली बाजूही बाहेरच्यासारखी साफ. माझ्या टोपल्यांच्या आत दोऱ्यांची टोके दिसतात. आत कोण बघते, असे मी म्हणत आले. तिने बघितले होते.

शेवटी तळ आला. मी माझा तळ बारा दोऱ्यांवर धरते. माझ्या आईनेही बाराच धरले. हा सोळांवर धरलेला होता. म्हणून तिची टोपली ठेवली की डुलत नाही. हा तळ माझा नव्हता. मी तो ओळखू शकत नव्हते असे नाही, महोदय. मला ओळखायचे नव्हते. माझा हरवलेला तळ त्याच दिवशी संध्याकाळी कोंबड्यांच्या खुराड्यात सापडला, त्यावर कोंबडी अंडी उबवत बसली होती. सबब परिच्छेद ४ मधील फसवणुकीचा आरोप रद्द समजावा. टाइप केलेले पुसता येत नाही असे क्यालो म्हणतात, म्हणून इथे लिहिले.

तो सोळाचा तळही मी उसवला. तोवर आलेच होते.

७. प्रदर्शनाला मी झाडाखालीच होते. सगळ्यांनी आपापले मांडले. संस्थेच्या बाईंनी विचारले, 'मुख्य नमुना कुठे आहे?' कामेने पुढे झाली. तिच्या हातात काही नव्हते. ती म्हणाली, 'बाई, माफ करा. आमच्या शेळीनं खाल्ला.'

सगळा वर्ग हसला. मुएनीचा आवाज खिडकीबाहेर आला, 'म्वालिमू, शेळी नीट शिकवली नाहीत!' संस्थेच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की नमुन्याशिवाय मागणी देता येत नाही. मग म्वालिमू मुसीली यांनी, म्हणजे आपल्या मुख्याध्यापकांनी, फार विनवले, तेव्हा त्यांनी तीस जुलैपर्यंत मुदत दिली. मात्र त्या दिवशी एक नाही, पाच टोपल्या दाखवायच्या आणि त्या पाच निरनिराळ्या हातांच्या पाहिजेत. एकटीला येते आणि बाकीच्यांना येत नाही असा माल त्यांना नको. बावीसजण कामेनेकडे बघत होते. मान खाली घालून ती ऐकत होती. ती माझे नाव घेईल म्हणून मी खिडकीबाहेर उत्तर तयार करून उभी होते. दोन चांगली उत्तरे तयार होती. तिने नाव घेतले नाही.

यामुळे माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विणण्यात ती पुढे गेली हे एक वेळ सहन होईल, तरुण आहे, डोळे चांगले आहेत. पण चांगुलपणातही पुढे? तिथे तरी मला जागा ठेवायची.

८. त्या संध्याकाळी मीच विषय काढला. मी म्हटले, 'माझ्या शेळीवर आळ का घेतलास? माझी शेळी टोपली खात नाही.'

ती कावुलाचे केस विंचरत होती. म्हणाली, 'खात नसेल. पण मग उसवते का? उसवलेला दोरा रंगारंगाप्रमाणे वेगळा करून, गुंडाळी करून, गोठ्याच्या फळीवर ठेवते का? आई, एवढी नीटनेटकी शेळी अख्ख्या माचाकोसात एकच आहे.'

दोरा मी खरेच गुंडाळून ठेवला होता. हाताला सवय आहे, चांगला वाख जमिनीवर टाकवत नाही.

ती म्हणाली, 'रागवायचं ते रागवा. पण मला एक सांगा, तळ कसा शिकवायचा? महिनाभर डोकं फोडतेय. एकालाही जमत नाही. सगळ्यांचे तळ चपातीसारखे पसरतात. माझे हात करतात, पण तोंडाला सांगता येत नाही. तुम्ही मला ओरडून ओरडून शिकवलंत. मला त्या बायांवर ओरडता येत नाही, मोठ्या आहेत माझ्याहून. मुएनीवर कोण ओरडणार?'

'मुएनीवर मी ओरडेन,' असे माझ्या तोंडून निघून गेले.

'मग चला ना तुम्ही.'

'म्हणजे तू पुढं उभी आणि मी खाली बसून तुझ्याकडं बघायचं? आणि जागा भरल्यात ना? तूच वाचलंस.'

यावर ती उठली आणि चुलीतली लाकडे सारखी करू लागली. ती लाकडे सारखीच होती. मी अंगणात जाऊन झोपडीच्या भिंतीला टेकून बसले आणि ठरवले की बाजाराच्या दिवशी हा अर्ज द्यायचा. आज मंगळवार. ती वर्गात आहे. मी इथे आहे.

९. इथपर्यंत मजकूर झाल्यावर श्री. क्यालो यांनी संदर्भासाठी आपले दि. ६ मे चे पत्र मागितले. मी ते कंबरेच्या पिशवीतून काढून दिले. त्यांनी ते मनात वाचले, आणि नुसता क्रमांक टाइप करायचा सोडून पुन्हा वाचले. मी म्हटले, 'काय झालं? जागा भरल्यात एवढंच आहे त्यात.'

ते म्हणाले, 'मावशी, हे तुम्हाला कोणी वाचून दाखवलं?'

'सुनेनं.'

'जागेचा शब्द यात नाही.'

मी त्यांना सगळे मोठ्याने वाचायला लावले. त्यांनी दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा वाचले. त्यात असे आहे : 'अर्जदारास अपत्य नाही. सबब अर्जदार पालक या व्याख्येत बसत नाही. घरातील मुलांची पालक श्रीमती कामेने हीच होय. शाळेतील मुलांशी अर्जदाराचा कोणताही संबंध सिद्ध होत नाही. यापुढे याबाबत पत्रव्यवहार करू नये.'

बाजारात तेव्हा गर्दी होती. शेजारी आंबे विकणारी बाई ऐकत होती, तिने तोंड फिरवले. मी क्यालो यांना थोडा वेळ थांबायला सांगितले. त्यांनी मला त्यांच्या किटलीतला चहा दिला. तो गोड होता, एवढेच कळले.

महोदय, हे पत्र तिने चुलीपाशी उभी राहून वाचले. माझ्याकडे बघत वाचले. तिला अडखळताना मी पाहिले नाही. तुमचे प्रत्येक वाक्य डोळ्यांनी वाचत गेली आणि तोंडाने दुसरेच बोलत गेली. 'पुढच्या वर्षी आपला प्रथम विचार होईल' हे तर तिने पदरचे घातले. नंतर दोन महिने मी तिला टाकून बोलत होते, आणि तिच्याजवळ उत्तर होते. एका वाक्याचे उत्तर होते, सरकारी शिक्क्याचे. कुठल्याही संध्याकाळी ती मला म्हणू शकली असती, 'तुमचा या मुलांशी संबंध नाही, आई. लिहून आलंय.' मी तिच्या जागी असते तर म्हटले असते. मी पहिल्याच दिवशी म्हटले असते.

१०. विषय बदलावा काय असे क्यालो यांनी विचारले. त्यासाठी सगळा कागद पहिल्यापासून टाइप करावा लागेल आणि त्यांचे हात दुखत आहेत. म्हणून विषय वर आहे तोच राहू द्यावा, पण मागणी खालीलप्रमाणे वाचावी.

श्रीमती कामेने यांची नेमणूक रद्द करू नये. ती तशीच ठेवावी. तळ सोळांवर धरायची पद्धत तिची आहे, तिच्या नावाने लिहून ठेवावी. ठिपके माझे आहेत, ते माझ्या नावाने लिहावेत. यात गल्लत होऊ नये.

तीस जुलै जवळ आली आहे. पाच हातांच्या पाच टोपल्या बाकी आहेत. बावीसजणांचे तळ चपातीसारखे पसरत आहेत, आणि त्यातल्या निदान दहाजणांवर ओरडण्याची गरज आहे. ते काम मी विनामूल्य करीन. नमुना मी उसवला आहे, त्याची भरपाई दुसऱ्या कोणी करू नये.

शाळेतल्या मुलांशी माझा संबंध सिद्ध होत नाही असे आपण लिहिले आहे. मी तो कसा सिद्ध करू हे मला माहीत नाही. कावुला गोवराने तापली होती तेव्हा तिला पाठीला बांधून मी दवाखान्यापर्यंत चालत गेले, तो कागद माझ्याकडे नाही. मुसेम्बी पहिल्या दिवशी शाळेच्या दारात रडून लोळला, तेव्हा म्वालिमू मुसीली यांनी मला आत बोलावून दुपारपर्यंत त्याच्या बाकापाशी बसू दिले, त्याची नोंद नसावी. वडीलधाऱ्यांपैकी दोघे अजून जिवंत आहेत, ते साक्षीला येतील. आपल्या रजिस्टरात आई आणि बाप असे दोनच रकाने असतील तर तिसरा पाडावा. पाडता येत नसेल तर बापाच्या रकान्यात किलोंझो यांच्या नावाखाली माझे नाव बारीक अक्षरात लिहावे. ते गेल्यापासून त्या रकान्याचे काम मीच करत आहे.

माझा मत्सर गेला असे आपण समजू नये. ती माझ्यापेक्षा चांगली विणते हे आजही मला खुपते, आणि आता ती माझ्यापेक्षा चांगली माणूस आहे हेही खुपू लागले आहे, म्हणजे एकाचे दोन झाले. पण जळायचेच असेल तर झाडाखाली एकटीने जळण्यापेक्षा मी आत बसून जळेन. माझे स्टूल मी घेऊन येईन, सरकारला बाक द्यावा लागणार नाही. ती शिकवत असताना मी मध्ये बोलणार नाही असे वचन देत नाही.

शेवटची एक विनंती. या अर्जाचे उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवू नये. ते काविथे बाजार, टंकलेखक क्यालो यांच्या पत्त्यावर पाठवावे. उत्तर होकाराचे असले तर कोणीही वाचले तरी चालेल. पण नकाराचे असले आणि ते कामेनेच्या हाती पडले, तर ती पुन्हा चुलीपाशी उभी राहील आणि मला काहीतरी बरे वाचून दाखवील. एवढे ओझे तिने दुसऱ्यांदा उचलावे असे मला वाटत नाही. या खेपेला जे काही असेल ते मला पूर्ण ऐकायचे आहे, आणि घरी गेल्यावर मी तिला सांगेन की जागा भरल्या आहेत.

आपली नम्र व आपल्या व्याख्येत अद्याप न बसलेली,

(डाव्या हाताचा अंगठा)
काटुंबी किलोंझो

अंगठा माझ्यासमोर उमटवला. मजकूर दोनदा वाचून दाखवला, एकही ओळ गाळली नाही.
क्यालो, टंकलेखक